रोग टाकीला, औषध कार्बोरेटरला

‘रोग रेड्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण सर्वांनाच ठाऊक आहे. पाणी वाहणारा रेडा आजारी, आणि मालक औषध पाजतो त्याच्या पाठीवरच्या कातडी पखालीला. ऐकताना हसू येते. परंतु औषधाचे पैसे ज्याच्या खिशातून जातात त्याला हसू येत नाही. माझ्या खिशातून ते गेले आहेत, म्हणून हा लेख लिहीत आहे. माझा व्यवसाय कापडाचा आणि विषय होडीच्या मशीनचा, याचे वाचकांना नवल वाटेल. पण मुद्दा शेवटी धंद्याचाच आहे, आणि तो गिऱ्हाईक व कारागीर या दोघांनाही लागू आहे.

आमचे आजोळ दाभोळच्या खाडीकाठी. माझे मामा जहाजावर नोकरीला होते. १९७० च्या सुमारास त्यांनी विलायतेहून ‘ब्रिटिश सीगल’ नावाचे लहान औटबोर्ड मशीन आणले. होडीच्या मागच्या फळीला अडकवायचे, चाकावर दोरी गुंडाळून ओढायची, की चालू. इंग्लंडमधील पूल या बंदरगावी ही मशीने बनत. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आरमाराने ती वापरली आणि नंतर ती अनेक देशांच्या बंदरांत पोहोचली. १९९० च्या दशकात त्यांचे उत्पादन बंद झाले. एकच सिलिंडर, टू-स्ट्रोक, वर टाकी, बाजूला कार्बोरेटर. पेट्रोलचा पंप नाही. टाकी उंचावर असल्यामुळे पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. जुन्या नमुन्यांत न्यूट्रलसुद्धा नाही. मशीन चालू झाले की पंखा फिरलाच. इतके साधे यंत्र, की त्यात बिघडण्यासारखे फारसे काही नाही. तरी आमचे बिघडले.

खाडीत काय घडले

२०२३ चा पावसाळा संपल्यावर माझा भाचा आपल्या दोन लहान मुलांना घेऊन होडीतून पलीकडच्या वाडीत निघाला. मशीन पहिल्याच ओढीला चालू झाले. साधारण दहा मिनिटे उत्तम चालले आणि बरोबर खाडीच्या मधोमध खोकत खोकत बंद पडले. ओहोटी लागली होती. ओहोटीचे पाणी होडीला समुद्राच्या दिशेने ओढते, आणि खाडीच्या मुखाशी लाटा फुटतात हे त्या भागातील प्रत्येकाला माहीत आहे. होडीत वल्हे एकच होते. भाच्याने हातातले सर्व सोडून आधी नांगर टाकला, म्हणून होडी जागेवर राहिली. अर्ध्या तासाने एका मच्छीमाराने दोरी बांधून त्यांना काठाला आणले. मुले रडून रडून थकली होती.

काठाला आल्यावर भाच्याने सहज दोरी ओढली, तर मशीन पुन्हा चालू! पुन्हा दहा मिनिटे, पुन्हा बंद.

आता प्रत्येकाने एकच निदान केले, ‘कार्बोरेटर’. पहिल्या मिस्त्रीने कार्बोरेटर खोलून धुतला आणि प्लग बदलला. दोष कायम. दुसऱ्याने जेटच्या भोकात पोलादी तार घालून ते ‘मोकळे’ केले. आता मशीन दहा मिनिटे चाले ते काळा धूर सोडत आणि अडखळत, आणि पुन्हा बंद पडे. तिसऱ्याने सांगितले, “कार्बोरेटर गेला. जुना माल आहे, मिळणार नाही. स्कूटरचा बसवून देतो.” तोवर दोन महिने आणि साडेचार हजार रुपये खर्च झाले होते. स्कूटरच्या कार्बोरेटरचे पैसे देण्याच्या बेतात असताना शेजारच्या गावातील एका वृद्ध मिस्त्रीचे नाव कोणीतरी सुचवले. एके काळी ते होड्यांची मशीने दुरुस्त करीत. मी मशीन घेऊन त्यांच्याकडे गेलो.

त्यांनी पान्याला हात लावला नाही. विचारले, “शेठ, बंद कसे पडते? झटक्यात, की खोकत खोकत?”

“खोकत खोकत.”

“किती वेळाने?”

“दहा मिनिटांनी. दर वेळी.”

“मग किती वेळाने चालू होते?”

“अर्ध्या तासाने.”

“बंद पडल्यावर लगेच प्लग काढून बघितला कोणी? ओला होता की कोरडा?”

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. तिन्ही मिस्त्रींपैकी कोणी ते पाहिले नव्हते आणि मीही पाहिले नव्हते. चाचांनी पाण्याच्या पिंपात मशीन अडकवून चालू करायला लावले. ठरल्याप्रमाणे दहा मिनिटांनी ते खोकू लागले. त्यांनी उठून टाकीचे झाकण सैल केले. ‘सूं’ असा हवा आत शिरण्याचा आवाज आला, आणि मरायला टेकलेले मशीन सावरले. मग झाकण माझ्या हातात देऊन ते म्हणाले, “रंग कोणी मारला?”

रंग मी मारला होता. मामांची आठवण म्हणून पावसाळ्यात टाकी घासून, झाकणासकट हिरव्या रंगाने चकचकीत केली होती. झाकणावर हवा घेण्यासाठी एक बारीक स्क्रू असतो. मशीन चालवताना तो सैल करावा लागतो. माझ्या रंगाने तो बुजून गेला होता.

किराणा दुकानदार तेलाच्या डब्याला समोरासमोर दोन भोके पाडतो. एकच पाडले तर तेल घळघळत येत नाही, कारण आत हवा जात नाही. इथे तेच झाले. पेट्रोल खाली उतरत गेले, टाकीत पोकळी तयार झाली, आणि दहा मिनिटांनी त्या पोकळीने पेट्रोल रोखून धरले. अर्ध्या तासात कुठून तरी थोडी हवा आत झिरपे आणि मशीन पुन्हा चालू होई. रोग टाकीच्या झाकणाला होता आणि औषध चालले होते कार्बोरेटरला.

मूळ बिघाड फुकटात दुरुस्त झाला. परंतु मधल्या काळात तार घालून मोठे केलेले जेट निकामी झाले होते, ते मात्र इंग्लंडहून नातेवाइकामार्फत मागवावे लागले. बिघाडापेक्षा दुरुस्तीच महाग पडली.

कार्बोरेटरवरच आळ का येतो?

कार्बोरेटरचे काम थोडक्यात सांगता येते. खाली एक वाटी असते. तिच्यात फ्लोट तरंगतो. पेट्रोल भरले की फ्लोट वर येऊन सुईने वाट बंद करतो. कमी झाले की खाली जाऊन वाट उघडतो. घरावरच्या पाण्याच्या टाकीत जसा गोळा असतो तसाच हा प्रकार. वाटीतले पेट्रोल जेट नावाच्या अत्यंत बारीक भोकातून वर ओढले जाते आणि वेगाने जाणाऱ्या हवेत मिसळते. बस्स, एवढेच.

मग प्रत्येक दोष त्याच्याच माथी का? कारण त्याचे काम शेवटचे आहे. पेट्रोल शिळे असो, पाणी मिसळलेले असो, नळ तुंबलेला असो, झाकण बुजलेले असो, परिणाम दिसतो तो कार्बोरेटरच्या दाराशी. कापडाच्या धंद्यात आम्ही हे रोज पाहतो. यंत्रमागावरून उतरलेल्या तागात पट्टा दिसला तर अडाणी माणूस विणकराला दोष देतो. जाणता जॉबर आधी पाहतो की पट्टा ताण्यात आहे की बाण्यात. कारण ताण्यातला दोष माग सुरू होण्याच्या आधीचा असतो. शेवटचा हात ज्याचा, चूक त्याची, असे नेहमी नसते.

मिस्त्रींमध्ये एक जुने बोलणे आहे की कार्बोरेटरचे निम्मे दोष प्लगमध्ये सापडतात. गंमत सोडली तरी त्यात तथ्य आहे. म्हणून माझे मत असे की, जुन्या मशीनच्या बाबतीत पाना उचलण्याचा क्रम ठरलेला असावा. आधी ठिणगी, मग टाकी ते नळी, आणि सर्वात शेवटी कार्बोरेटर. आज किनाऱ्यावर जपानी औटबोर्ड जास्त दिसतात. त्यांना पेट्रोलचा पंप व हाताने दाबायचा रबरी फुगा असतो, एवढाच फरक, क्रम तोच.

लक्षणे काय सांगतात

मशीन मुळीच चालू होत नसेल तर प्लग काढून पाहावा. प्लग बाहेर काढून धातूला टेकवावा आणि दोरी ओढावी. मात्र त्या आधी सांडलेले पेट्रोल पुसून, प्लगच्या भोकापासून दूर धरावा, कारण ठिणगीने पेट्रोलची वाफ पेटते. निळसर, कडक ठिणगी हवी. पिवळी, मलूल असेल तर चाकाखालचे पॉइंट साफ करावेत. सीगलमध्ये पॉइंटची फट २० थाऊ, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवतात.

ठिणगी चांगली आणि प्लग कोरडा, याचा अर्थ पेट्रोल पोहोचत नाही. कार्बोरेटरच्या वाटीवर एक लहान कळ असते. ती दाबली की फ्लोट खाली जातो आणि पेट्रोल वर येऊन पाझरते. पाझरले नाही तर दोष कार्बोरेटरच्या अलीकडे असण्याचा संभव मोठा. नळी सोडवून भांड्यात धरावी आणि नळ उघडावा. धार सलग हवी. थेंब थेंब येत असेल तर झाकणाचा स्क्रू, नळाची जाळी, नळी, या क्रमाने पाहावे. धार उत्तम आणि तरीही वाटी भरत नसेल, तर सुई अडकली आहे.

उलट, पेट्रोल सतत गळत असेल तर सुईखाली कचरा आहे किंवा फ्लोट फुटून जड झाला आहे. पितळी फ्लोट कानाशी हलवावा. आत पेट्रोल गेले असेल तर आवाज येतो. तो गरम पाण्यात बुडवावा. भोक जिथे असेल तिथून बुडबुडे येतात. डाग देण्यापूर्वी आतील पेट्रोलचा शेवटचा थेंब आणि वाफ निघून गेलीच पाहिजे, नाहीतर फ्लोट हातात फुटेल. डागही थोडकाच द्यावा, कारण फ्लोट जड झाला की वाटीतील पातळी चढते.

चोक लावला तर चालते, काढला की बंद पडते, हे लक्षण पेट्रोल कमी आणि हवा जास्त असल्याचे. जेट तुंबले असेल, किंवा कार्बोरेटर ज्या नळीवर बसतो त्या जोडातून हवा शिरत असेल. जोडावर जाडसर ऑईल लावून पाहावे. आवाज बदलला तर चोर तिथेच आहे.

धूर दाट, प्लग काळा आणि ओला, मशीन अडखळते, हे लक्षण पेट्रोल जास्त असल्याचे. चोक पूर्ण उघडतो का, वाटीची पातळी चढली आहे का, आणि कोणी जेटमध्ये तार घातली होती का, हे विचारावे. कॉफीच्या रंगाचा प्लग निरोगी. पांढरा असेल तर मशीन तापते आहे असे समजावे.

आणि सर्वात फसवे लक्षण आमचेच. थोडा वेळ चालून बंद पडणे व थांबल्यावर पुन्हा चालू होणे. हे झाकण बुजल्याने होते, तसेच कॉईल किंवा कंडेन्सर तापल्यावर सुटल्यानेही होते. फरक ओळखणे सोपे आहे, पण ते त्याच क्षणी करावे लागते. बंद पडताच ठिणगी पाहावी. ठिणगी नाही, तर वीज दोषी. ठिणगी आहे आणि प्लग कोरडा, तर पेट्रोल दोषी. अर्ध्या तासाने मिस्त्रीकडे नेले की दोन्ही पुरावे नाहीसे झालेले असतात. म्हणूनच मी म्हणतो की निम्मी दुरुस्ती मालकाने करायची असते, नजरेने.

खोलायचाच असेल तर

या सर्वानंतर कार्बोरेटर खोलण्याची वेळ आली तर तीन गोष्टी जपाव्यात. पहिली, जेटमध्ये पोलादी तार किंवा टाचणी कधीही घालू नये. जेट मऊ पितळेचे असते आणि त्याचे भोक कारखान्यात मोजून पाडलेले असते. केसभर वाढले तरी हिशेब बिघडतो. पेट्रोलमध्ये भिजवावे, हवेने फुंकावे, फार तर ब्रशचा मऊ केस वापरावा. दुसरी, आपल्याकडे पितळ चिंचेने किंवा लिंबाने लखलखीत करण्याची सवय आहे. जेट पितळेचे असले तरी अशा अनेक जुन्या कार्बोरेटरचे अंग जस्ताच्या मिश्रधातूचे असते. आंबट पदार्थ ते खातो. खाऱ्या पाण्याने त्यावर आधीच पांढरी भुकटी धरलेली असते. त्यावर चिंच म्हणजे जखमेवर मीठ. तिसरी, स्क्रू आवळताना जोर लावू नये. अंग वाकले की पॅकिंग कितीही बदला, गळती थांबत नाही. ज्या कार्बोरेटरला हवेचा किंवा पेट्रोलचा स्क्रू असतो, तो काढण्याआधी पूर्ण बंद करून किती आटे उघडा होता हे मोजावे आणि कागदावर लिहावे.

आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्लग, जेट, पॅकिंग सर्व एकदम बदलले आणि मशीन चालले, तरी रोग कोणता होता हे कळत नाही. पुढच्या वेळी पुन्हा सर्व बदलावे लागते.

पेट्रोल पूर्वीचे राहिले नाही

जुन्या मशीनच्या मालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण २०२२ मध्ये १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. नव्या गाड्या त्या हिशेबाने बनतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या मशीनला हे कोण सांगणार?

इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, आणि खाडीकाठी ओलाव्याला तोटा नाही. पाणी फार झाले की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसते. नळाचे तोंड नेमके तिथेच असते. त्याहून वाईट म्हणजे मिसळलेले ऑईल वरच्या पेट्रोलबरोबर राहते, त्यामुळे खालच्या थरावर मशीन चालले तर ते ऑईलशिवाय चालते. इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा जुना चिकट थर सोडवून जेटपर्यंत आणते. जुने रबर त्याने फुगते किंवा कडक होते. जॉन्सन, एव्हिनरूड या अमेरिकन जुन्या मशीनांत बुचाचे फ्लोट असत आणि त्यांवर लाखेचा लेप असे. लाख इथेनॉलमध्ये विरघळते. मग बूच पेट्रोल पिऊन बुडते आणि पेट्रोल वाहू लागते.

उपाय महाग नाहीत. दोन-तीन आठवड्यांत संपेल एवढेच पेट्रोल घ्यावे. शंका आल्यास काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवावे. तळाशी वेगळा थर दिसला तर ते मशीनमध्ये घालू नये. रबरी नळी नव्या पेट्रोलला टिकणारी लावावी. काम संपल्यावर नळ बंद करून वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत मशीन चालू द्यावे. सीगल वापरणारे जुने लोक असेच करीत. वाटीत पेट्रोल वाळले की त्याचा डिंक होतो, आणि पावसाळ्यानंतरच्या बहुतेक तक्रारी त्या डिंकातूनच निघतात.

ऑईलच्या बाबतीत स्कूटरची सवय इथे चालत नाही. जुन्या सीगलला दहास एक हे प्रमाण होते, म्हणजे एका लिटर पेट्रोलला १०० मिलिलिटर ऑईल. नंतरच्या नमुन्यांना पंचवीसास एक, म्हणजे ४० मिलिलिटर. स्कूटरच्या अंदाजाने २० मिलिलिटर टाकले तर बुश जळते आणि त्याचाही आळ कार्बोरेटरवर येतो. प्रमाण बदलायचे तर जेट किंवा सुईही त्या हिशेबाने बदलावी लागते. आपले मशीन कोणत्या सालचे हे त्यावरील क्रमांकावरून तपासून घ्यावे.

विचारण्याचे पैसे कोण देतो?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. त्या दिवशी निघताना मी चाचांना विचारले, “किती द्यायचे?” ते म्हणाले, “काम तर काही केलेच नाही. चहा घेऊन जा.”

मला लाज वाटली. ज्यांनी नको ते खोलले, नको ते बदलले, चांगले जेट बिघडवले, त्यांना मी न बोलता साडेचार हजार दिले होते. ज्याने रोग शोधला त्याला चहा! मी आग्रहाने पाचशे रुपये ठेवले. परंतु त्यांचे वाक्य मनातून जात नाही. आयुष्यभराचा तजुर्बा वापरून, चार प्रश्न विचारून, एक झाकण सैल करणे, हे त्यांच्या स्वतःच्या हिशेबातसुद्धा ‘काम’ नव्हते. त्यांचा मुलगा या धंद्यात नाही. का, असे विचारले तर म्हणाले, “विचारण्याचे पैसे कोण देतो?”

वाचकहो, दोष तिन्ही मिस्त्रींचा आहेच, पण तेवढाच नाही. आपण गिऱ्हाईक मंडळी फक्त दिसणाऱ्या वस्तूचे पैसे देतो. नवा प्लग दिसतो, नवे पॅकिंग दिसते, काळे झालेले हात दिसतात. विचार दिसत नाही. मग मिस्त्रीने चूल कशी पेटवावी? त्याला काहीतरी खोलावेच लागते, काहीतरी बदलावेच लागते. वस्तू बदलल्याशिवाय मजुरी नाही अशी रीत आपणच पाडली आणि मग फसवणुकीची तक्रारही आपणच करतो.

यावर काही कारागीर बंधू म्हणतील, नुसते पाहण्याचे पैसे मागितले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. भीती खोटी नाही. मीही दुकानदार आहे. पण डॉक्टर तपासणीची फी घेतो आणि औषधाचे पैसे वेगळे होतात, हे आपण बिनतक्रार मानले आहे. एका दिवसात ती रीत पडली नसेल. सुरुवात अशी करता येईल की पाहणीचे ठरावीक पैसे आधी सांगावेत, काम दिले तर ते मजुरीतून वजा करावेत, आणि सापडलेला दोष चिठ्ठीवर लिहून द्यावा. बदललेला जुना भाग गिऱ्हाईकाच्या हातात परत द्यावा. ज्याच्या दुकानातून अशी चिठ्ठी मिळते त्याचे नाव किनाऱ्यावर फिरायला वेळ लागत नाही. कापडाच्या पेठेत ज्याने माप चोख ठेवले त्याच्या दुकानाला पाटीची गरज पडली नाही.

मालकांनीही आपल्या बाजूचे करावे. मशीनजवळ एक वही ठेवावी. कधी पेट्रोल भरले, ऑईल किती टाकले, कधी बंद पडले, किती मिनिटांनी, झटक्यात की खोकत, प्लग ओला की कोरडा, एवढे लिहावे. मिस्त्रीकडे जाताना ‘कार्बोरेटर बिघडला आहे’ असे सांगू नये. काय घडले ते सांगावे आणि निदान त्याच्यावर सोडावे. आपण रोगाचे नाव सांगितले की तो त्याच रोगाचे औषध देतो. माझी पहिली चूक रंगाची होती, दुसरी हीच.

आमच्या होडीत आता दोन वल्ही आहेत, नांगराची दोरी नवी आहे, आणि झाकणाच्या स्क्रूवर रंग नाही. मशीन चालू करण्याआधी भाच्याची मुलगी तो स्क्रू स्वतःच्या हाताने सैल करते. चाचांकडे मात्र शिकायला अजून कोणी आलेले नाही. त्यांचे प्रश्न त्यांच्याबरोबर जाऊ द्यायचे नसतील तर आपल्या तरुण मिस्त्रींनी त्यांच्यासारख्यांच्या ओट्यावर जाऊन बसावे, आणि आपण गिऱ्हाइकांनी त्या प्रश्नांची किंमत मोजायला शिकावे. साडेचार हजारांपेक्षा ती निश्चितच कमी असेल.